परदेशात दुचाकीवर एकट्यानं जायचंय? जायला धाडस पुरतं, परत यायला कागद लागतात

डिंगोरे (ता. जुन्नर) : पावसाळा लागला की नगर-कल्याण महामार्गावर शनिवार-रविवारी मोटारसायकलींची रांग लागते. पुण्या-मुंबईची पोरं ओतूर, डिंगोरे, मढ करत माळशेज घाटाकडे निघतात. मागं सामानाच्या पेट्या, हेल्मेटवर कॅमेरा, अंगावर जाड जाकीट. मोबाईलवर तर याहून पुढचं दिसतं. मुंबईहून निघून थेट लंडन गाठलेले मराठी रायडर, बर्फातून चाललेली एमएच पासिंगची गाडी. ते बघून आपल्याकडच्या पोरांच्या मनातही येतं, गाडी आपल्याकडेही आहे, घाट तर रोजचाच आहे, मग आपल्याला का जमू नये?

जमू शकतं. फक्त रीलमध्ये डोंगर दिसतो, बॉर्डरवरची फाईल दिसत नाही. परदेशात गाडी नेणं म्हणजे आपण स्वतः जाणं आणि शिवाय काही लाखांची एक वस्तू दुसऱ्या देशात नेऊन परत आणायची लेखी हमी देणं. ती हमी मोडली तर पैसे घरचे जातात. म्हणून कोण गेलं, रस्ता कुठून आहे, कोणते कागद लागतात आणि संकट आलं तर काय होतं, हे सगळं इथं एकेक करून समजून घेऊ.

आधी कोण गेलंय?

दुचाकीवर एकट्यानं जग फिरलेल्या भारतीयांमध्ये विशाखापट्टणमचे भारद्वाज दयाला यांचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं. ते २००६ मध्ये निघाले आणि दीडेक वर्षानं परत आले. गाडी होती हिरो होंडा करिझ्मा, म्हणजे त्या काळी आपल्याकडेही रस्त्यावर दिसणारी. परदेशी महागडी गाडी असल्याशिवाय जमत नाही, हा समज तिथंच खोटा ठरला.

पुण्यात राहिलेल्या, मूळच्या इराणच्या मराल याझारलू यांनी २०१७-१८ मध्ये मोटारसायकलवर सातही खंड पालथे घातले. मार्च २०२३ मध्ये रमिला लटपटे मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून नऊवारी साडीत दुचाकीवर जगप्रवासाला निघाल्या, तेव्हा ते फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरले होते.

सगळ्यात जास्त शिकवून जाणारं उदाहरण मात्र योगेश आलेकरी यांचं. १ मे २०२५ ला, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी ते मुंबईहून केटीएम ३९० ॲडव्हेंचर घेऊन निघाले. नेपाळ, चीन, मध्य आशिया, युरोप असे १७ देश आणि सुमारे २४ हजार किलोमीटर पार करून चार महिन्यांत इंग्लंडला पोचले. पुढं आफ्रिकेत जायचा बेत होता. २८ ऑगस्टला नॉटिंगहॅम शहरातल्या वोलटन पार्कमध्ये त्यांनी थोडा वेळ गाडी लावली आणि भरदिवसा ती चोरीला गेली. गाडीवरच्या सामानात पासपोर्ट, पैसे, लॅपटॉप, कॅमेरे होते, तेही गेले. बातमी जगभर झाली. नंतर तिथल्याच मॅन्सफील्ड भागातल्या एका मोटारसायकल दुकानानं त्यांना त्याच मॉडेलची दुसरी गाडी दिली.

माणुसकी भेटली, हे खरंच. पण प्रत्येकाची बातमी होत नाही. आपण निघताना असं धरून चालायचं, की दुसरी गाडी द्यायला कुणी येणार नाही.

भारतातून गाडीनं बाहेर पडायला वाटा किती?

नकाशावर बघितलं तर जमिनीनं जोडलेले देश बरेच दिसतात. दुचाकीस्वारासाठी उघड्या वाटा मात्र मोजक्याच आहेत.

पश्चिमेला पाकिस्तान. अटारी-वाघा मार्ग एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर बंद करण्यात आला. त्याआधीही आपल्या पर्यटकाला गाडी घेऊन त्या बाजूनं जाणं जवळपास अशक्यच होतं. पूर्वेला मणिपूरच्या मोरेहून म्यानमारमार्गे थायलंडला जायची वाट होती. म्यानमारमध्ये २०२१ ला लष्करानं सत्ता घेतल्यापासून तिथं लढाई चालू आहे, त्यामुळे त्या वाटेचा भरवसा धरता येत नाही.

उत्तरेला नेपाळमधून चीनचा तिबेट लागतो. पण चीनमध्ये आपली गाडी आपल्या मनानं फिरवता येत नाही. तिथल्या एजन्सीमार्फत आधी परवानग्या काढाव्या लागतात, चीनचा तात्पुरता गाडी परवाना आणि नंबर प्लेट घ्यावी लागते आणि गाईड सोबत ठेवावा लागतो. तो खर्च मोठा असतो, म्हणून बरेच जण गट करून हा टप्पा पार करतात. त्यातही निसर्गाचा भरवसा नाही. जुलै २०२५ मध्ये रसुवागढी इथला नेपाळ-चीन जोडणारा मैत्री पूल पुरात वाहून गेला.

तिसरी वाट समुद्राची. गाडी लाकडी खोक्यात बांधायची, पेट्रोल काढायचं, बॅटरीची वायर सोडायची आणि न्हावा शेवा बंदरातून दुबईकडे किंवा दुसऱ्या बंदरावर पाठवायची. आपण विमानानं जाऊन तिथं ताब्यात घ्यायची. यात जहाजाच्या तारखा मागंपुढं होतात आणि बंदरावरचे वेगवेगळे चार्ज धरावे लागतात.

सगळ्यात सोपी वाट नेपाळ आणि भूतानची. त्याबद्दल शेवटी सांगतो, कारण खरी सुरुवात तिथूनच करायची आहे.

कागद पहिला : पासपोर्ट, आणि नावाचं स्पेलिंग

साध्या पासपोर्टचं सरकारी शुल्क ३६ पानी पुस्तकाला १,५०० रुपये आणि ६० पानी पुस्तकाला २,००० रुपये आहे. गाडीनं फिरणाऱ्यानं ६० पानीच काढावा. जमिनीवरच्या प्रत्येक सीमेवर शिक्के बसतात, पानं लवकर भरतात. परतायच्या तारखेनंतरही किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी, कारण पुष्कळ देश तेवढी मागतात.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच निघते. आधारवर एक स्पेलिंग, लायसन्सवर दुसरं, दाखल्यावर तिसरं. कुठं वडिलांचं नाव मध्ये, कुठं नुसतं अक्षर. बॉर्डरवरचा अधिकारी मराठी जाणत नाही. त्याला पासपोर्ट, लायसन्स आणि आरसी बुकावरचा माणूस एकच दिसला पाहिजे. सगळ्यात आधी हे दुरुस्त करून घ्या.

कागद दुसरा : आंतरराष्ट्रीय वाहन परवाना

हा आरटीओ देतं. जुन्नर, आंबेगावची पासिंग एमएच-१४, म्हणजे आपलं कार्यालय पिंपरी-चिंचवड. परिवहन विभागाच्या सारथी वेबसाईटवर अर्ज करता येतो. फॉर्म ४ए भरायचा, शुल्क १,००० रुपये. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. त्यासोबत मूळ लायसन्सही जवळ लागतं, नुसता हा परवाना चालत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपला हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो. व्हिएतनामसारखा देश १९६८ च्या करारातला परवाना मागतो. तिथं भाड्यानं गाडी सहज मिळते, पण अपघात झाला की ‘परवानाच वैध नव्हता’ म्हणून विमा कंपनी हात वर करते. ज्या देशात जायचं, तिथं आपला परवाना चालतो का, हे आधी विचारा.

कागद तिसरा : कार्नेट, म्हणजे गाडीचा पासपोर्ट

हा समजला की अर्धा विषय समजला.

नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात घाटातून माल नेणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा व्हायची, असं आपण लहानपणापासून ऐकतो. माल हद्दीत आला की जकात, हा नियम आजही जगभर आहे. तुम्ही चार लाखांची गाडी दुसऱ्या देशात नेली, तर तिथलं कस्टम विचारणार, ही इथं विकणार नाही कशावरून? विकणार असाल तर आयात कर भरा.

तो कर प्रत्येक सीमेवर भरायला लागू नये म्हणून कार्नेट असतं. हे एक पुस्तक असतं. गाडी परत बाहेर नेणार, अशी हमी त्यात असते. भारतात ते मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. मुदत एक वर्ष. एका देशासाठी एक पान, पानाचे तीन भाग. आत शिरताना कस्टम एक भाग शिक्का मारून फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा. तिसरा भाग पुस्तकात राहतो, त्यावर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा असे दोन्ही शिक्के दिसले पाहिजेत.

हमी फुकट मिळत नाही. गाडीची किंमत आणि तुम्ही कोणत्या देशांत जाणार यावर रक्कम ठरते आणि तेवढी बँक गॅरंटी द्यावी लागते. काही देशांसाठी ती गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होते. बँक गॅरंटी देते ती बहुतेक वेळा तुमच्या मुदत ठेवीवर, म्हणजे तेवढे पैसे प्रवासभर अडकून पडतात. परत आल्यावर गाडी भारतात आल्याची नोंद करून, पुस्तक संस्थेकडे जमा केल्यावरच ते मोकळे होतात.

आता एखाद्या बॉर्डरवर रात्र झाली, गर्दी होती, घाईत बाहेर पडल्याचा शिक्का राहून गेला असं समजा. कागदावर तुमची गाडी अजून त्या देशातच आहे. महिन्यांनी तो देश कराची मागणी करू शकतो आणि ती तुमच्या गॅरंटीतून वसूल होते. म्हणून अनुभवी रायडर शिक्का बघितल्याशिवाय स्टार्टर मारत नाही.

सगळीकडे कार्नेट लागत नाही. इराण, इजिप्त, केनिया, ऑस्ट्रेलिया, जपान हे मागतात. मध्य आशियातले देश, युरोप, ब्रिटन इथं त्याशिवाय तात्पुरती नोंद होते. मार्ग आधी ठरवा, मग कार्नेट काढा.

गाडी कोणाच्या नावावर आहे?

गावाकडे गाडी बऱ्याचदा वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असते. तशी असेल तर मालकाचं अधिकारपत्र लागतं. शक्यतो गाडी स्वतःच्या नावावर करून घेतलेली बरी. सातबाऱ्यावर सोसायटीचा असतो तसा आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल, तर त्यांचा ना हरकत दाखला हवा. हप्ते चालू असलेली गाडी न विचारता देशाबाहेर नेऊ नका.

व्हिसा आणि विमा : इथंच घोळ होतो

व्हिसाचं गणित तारखांचं असतं. युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. कझाकस्तानमध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय १४ दिवस मिळतात, पण त्या देशाची पूर्व-पश्चिम लांबीच सुमारे ३,००० किलोमीटर आहे. मध्येच गाडी बिघडली आणि पार्ट यायला आठ दिवस लागले, तर मुदत संपते. प्रत्येक देशात चार-पाच दिवस जादाचे धरूनच आखणी करा. नियम बदलत राहतात, म्हणून एजंटाच्या तोंडी शब्दावर न जाता त्या देशाच्या दूतावासाच्या वेबसाईटवर खात्री करून घ्या.

विम्याचे दोन भाग आहेत. गाडीचा आपला विमा भारतापुरता असतो. जादा हप्ता भरून तो नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत वाढवता येतो. त्यापलीकडे प्रत्येक देशाच्या किंवा गटाच्या सीमेवर तिथला विमा घ्यावा लागतो. दुसऱ्याच्या गाडीला धडक बसली तर युरोपात भरपाईचे आकडे आपली शेती विकूनही भागणार नाहीत असे असतात. तिथं कुणी विम्याशिवाय गाडी चालवत नाही.

दुसरा भाग स्वतःच्या दवाखान्याचा. प्रवास विमा घेताना एकच प्रश्न विचारा, ‘मी स्वतः मोटारसायकल चालवत असताना अपघात झाला तर पैसे मिळतात का?’ उत्तर पॉलिसीत लेखी बघा. बऱ्याच स्वस्त पॉलिसींत नेमकं हेच वगळलेलं असतं, किंवा ठराविक सीसीच्या वरची गाडी चालत नाही.

खर्च कसा धरायचा?

पेट्रोलचा हिशोब सगळेच करतात. समजा २४ हजार किलोमीटर जायचंय आणि गाडी ३० चं ॲव्हरेज देते, तर ८०० लिटर लागेल. सरासरी १२० रुपये धरले तरी ९६ हजार. ऐकायला जमण्यासारखं वाटतं.

पण पेट्रोल हा खर्चाचा छोटा भाग. व्हिसाची फी, अडकलेली बँक गॅरंटी, चीनचा गाईड किंवा जहाजाचं भाडं, विमे, टायरचे दोन-तीन जोड, चेन-स्प्रॉकेट, रोजचं खाणं-राहणं आणि परतीचं विमान किंवा गाडी परत आणायचं भाडं, ही खरी यादी. या सगळ्यावर आणखी एक वेगळी रक्कम हवी, ती म्हणजे गाडी सोडून तातडीनं घरी यायचे पैसे. या शेवटच्या पैशाला प्रवासात हात लावायचा नाही.

जमीन गहाण ठेवून किंवा घरातलं सोनं मोडून हा प्रवास करू नये. व्हिडिओ चालतील, जाहिराती मिळतील, पैसे वसूल होतील, या आशेवर निघालेल्यांची संख्या मोठी आहे. कमाई करणारे थोडे असतात आणि दिसतात तेच.

रस्त्यावर काय वेगळं असतं?

नेपाळ, भूतान, थायलंड, ब्रिटन, केनिया, ऑस्ट्रेलिया इथं आपल्यासारखंच डावीकडून चालतात. चीन, मध्य आशिया, रशिया, तुर्कस्तान आणि युरोपातले बाकीचे बहुतेक देश इथं उजवीकडून. चूक पहिल्या दिवशी होत नाही, तेव्हा लक्ष असतं. ती चौथ्या-पाचव्या दिवशी होते, सकाळी रिकाम्या रस्त्यावर गाडी काढताना. टाकीवर बाणाचं स्टिकर लावायची युक्ती साधी आहे, पण कामाची आहे. आपल्या हेडलाईटचा झोतही डाव्या बाजूच्या हिशोबानं असतो, तो समोरच्याच्या डोळ्यावर जातो. काचेवर थोडी टेप लावून तो आवरता येतो.

रात्री गाडी चालवायची नाही. उसातून बिबट्या रस्त्यावर येतो म्हणून आपण अंधाराच्या आत घर गाठतो. तिथं गुरं, उंट, बिनलाईटचे ट्रक आणि माहीत नसलेले खड्डे असतात. एकट्या माणसाला रात्री दरीत पडलेलं कुणी बघतही नाही.

गाडी अशी निवडा, जी स्वतः उघडून जोडता येईल. निघण्याआधी आपल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे आठ-पंधरा दिवस बसा. पंक्चर काढणं, चेन ताणणं, ऑइल बदलणं, क्लच वायर आणि ब्रेक पॅड टाकणं हाताला आलं पाहिजे. गोळ्या-औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्या आखाती देशांत गुन्हा ठरतात. सॅटेलाईट फोन परदेशात घेतला, तर परवानगीशिवाय तो भारतात आणणं बेकायदेशीर आहे, हेही लक्षात असू द्या.

चोरी झाली, पासपोर्ट गेला, मग?

आलेकरी यांच्यासारखी वेळ आली तर क्रम असा : आधी पोलिसांत तक्रार आणि तिची लेखी प्रत. मग जवळचा भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. तिथून नवा पासपोर्ट मिळतो, किंवा घाई असेल तर भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र. मात्र जुन्या पासपोर्टवरचे व्हिसा त्याच्याबरोबर जातात. म्हणजे पुढचा प्रवास तिथंच थांबतो.

गाडी जर कार्नेट मागणाऱ्या देशात चोरीला गेली, तर संकट दुप्पट. गाडी बाहेर गेल्याचा शिक्का आता कधीच मिळणार नाही. पोलिसांचा कागद घेऊन तिथल्या कस्टमला आणि कार्नेट देणाऱ्या मुंबईच्या संस्थेला लगेच लेखी कळवावं लागतं, नाहीतर गॅरंटीवर दावा येऊ शकतो.

म्हणून पासपोर्ट, कार्नेट आणि थोडी रोकड गाडीच्या पेटीत ठेवायची नाही, अंगावर ठेवायची. आंघोळीला जाताना सोडून बाकी कायम.

सुरुवात नेपाळपासून

डिंगोऱ्याहून आळेफाटा, नाशिक, इंदूर, लखनौ, गोरखपूर करत उत्तर प्रदेशातली सोनौली सीमा दीड ते पावणेदोन हजार किलोमीटरवर येते. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. गाडीसाठी सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे तिथल्या कस्टमची पावती करायची, जितके दिवस तितके पैसे. दिवस संपायच्या आत बाहेर यायचं किंवा मुदत वाढवून घ्यायची. कार्नेटचं सगळं तत्त्व इथं छोट्या रूपात शिकायला मिळतं.

भूतानला व्हिसा नाही, पण प्रवेश परवाना लागतो आणि सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पर्यटकाला प्रत्येक रात्रीमागं १,२०० रुपये शुल्क आहे. म्हणजे सात रात्रींचे ८,४०० रुपये राहण्या-खाण्याच्या आधीच गेले, हे धरून चला.

असा एक प्रवास करून आलात की आपल्याला एकटं राहणं झेपतं का, हेही कळतं. आठ-आठ दिवस मराठी शब्द कानावर पडत नाही, ताप आला तर पाणी द्यायला कुणी नसतं. ते झेपलं, तर पुढचा विचार करा.

घरी एक माणूस ठेवा

गाडीवर एकटा जातो, पण प्रवास घरच्यांना धरूनच करावा लागतो. निघण्याआधी घरातल्या एका माणसाला, भाऊ असो, बहीण असो की मित्र, सगळं समजावून सांगा. त्याच्याकडे हे असलं पाहिजे :

– पासपोर्ट, व्हिसा, लायसन्स, आरसी, कार्नेट आणि दोन्ही विम्यांच्या झेरॉक्स व मोबाईलमधले फोटो
– विमा कंपनीचा परदेशातला तातडीचा नंबर आणि पॉलिसी नंबर
– ज्या देशांत जाणार, तिथल्या भारतीय दूतावासांचे नंबर
– रोजचा ठरलेला एक निरोप, आणि तो किती तास आला नाही तर हालचाल करायची याची मर्यादा
– तातडीनं पैसे पाठवता येतील असं खातं

आई-वडिलांचं ‘नको जाऊ’ हे नेहमी अडाणी भीतीतून येत नाही. पोरगं परदेशात पडलं तर कुणाला फोन करायचा, हे त्यांना माहीत नसतं. ही यादी त्यांच्या हातात दिली, दूतावासाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला, की निम्मी भीती कमी होते. उरलेली निम्मी तुम्ही रोजच्या निरोपानं कमी करायची आणि शेवटच्या सीमेवर गाडी परत भारतात आल्याचा शिक्का घेऊन घरी यायचं.